मागणी नको, मजकूर द्या

पूर्व विदर्भात माझं औषधांचं दुकान आहे. दर महिन्याला फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया नेणारी घरं मला तोंडपाठ आहेत, आणि त्यांतलं एक माझंच आहे. माझ्या मुलीला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आजाराचं पूर्ण रूप. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारात एक शक्यता असते की आजार पूर्ण उतरेल. आमच्याकडे तो उतरला. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग गुडघ्यांत, पाठीत, छातीत असा ठणका सुरू होतो की मूल रात्रभर अंथरुणावर लोळतं. दोन दिवसांनी तेच मूल दप्तर पाठीला लावून शाळेत निघतं आणि बघणाऱ्याला वाटतं, याला झालंय तरी काय!

कायद्यालाही अगदी असंच वाटत होतं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं होतं: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, चलनवलनाचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. रक्ताचा आजार त्यात कुठेच नव्हता. मुलीला घेऊन प्रमाणपत्रासाठी गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला चालून दाखवायला सांगितलं. ती चालली. ते म्हणाले, "पोरीचे हातपाय बरे आहेत, मी कोणत्या रकान्यात लिहू?" त्यांची काही चूक नव्हती. रकानाच नव्हता. तो रकाना दिल्लीत तयार होतो, एवढं मला त्या दिवशी पक्कं कळलं.

भारताने १ ऑक्टोबर २००७ ला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मंजूर केला, म्हणून जुना कायदा बदलणं भाग होतं. डॉ. सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा दिला. त्यावर मंत्रालयात बरीच काटछाट झाली आणि ७ फेब्रुवारी २०१४ ला विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. त्या महिन्यात दिल्लीत अपंगांच्या चळवळीत सरळ दोन तट पडले. जावेद अबिदींसारखे लोक म्हणत होते की आहे ते आत्ता पदरात पाडून घ्या, पुढे दुरुस्त्या करता येतील. दुसरी बाजू म्हणत होती की इतकं पातळ केलेलं विधेयक मंजूर झालं तर पुढची वीस वर्षं तेच गळ्यात पडेल. आम्ही इकडे बसून वर्तमानपत्रांत हे वाचत होतो. आमच्यासाठी एक गोष्ट फार मोठी होती. विधेयकाच्या परिशिष्टात, म्हणजे अपंगत्वाच्या प्रकारांच्या यादीत, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताच्या आजारांचे तीन शब्द आले होते.

विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. राज्यसभेत मांडलेलं होतं म्हणून लोकसभा विसर्जित झाल्यावरही ते जिवंत राहिलं. लोकसभेत मांडलेलं आणि तिथेच प्रलंबित असलेलं विधेयक लोकसभेबरोबर संपतं, राज्यसभेत मांडलेलं आणि तिथेच प्रलंबित असलेलं संपत नाही. ही बारीक गोष्ट आमच्यासाठी मोलाची ठरली. नवं सरकार आल्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये ते सामाजिक न्याय आणि सक्षमीकरण या खात्याच्या संसदीय स्थायी समितीकडे गेलं.

इथून आमचा खरा प्रवास सुरू झाला.

आमचा गट म्हणजे काही नोंदणीकृत संस्था नव्हती. दुकानाच्या काउंटरवर ओळख झालेले पालक, दोन आशाताई, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक वकील. या वकिलांनी वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका आमदाराकडे विधिमंडळाचं काम पाहिलेलं होतं. आमच्यातल्या बहुतेकांना माहीत असलेला मार्ग एकच: निवेदन. लेटरहेडवर टाइप करायचं, पाच-सहा जणांनी मिळून साहेबांकडे जायचं, हार-पुष्पगुच्छ, फोटो, "लक्ष घालतो" हे शब्द, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी. निवेदनाने रस्ता होतो, ट्रान्सफॉर्मर बसतो, कधी बदलीही थांबते. कायद्याचं वाक्य मात्र त्याने बदलत नाही, कारण त्या निवेदनात वाक्यच नसतं. "सिकलसेलग्रस्तांना न्याय मिळावा" हे वाचून खासदाराने नेमकं करायचं काय?

वकील पहिल्याच बैठकीत म्हणाले, "भाऊ, मागणी नको, मजकूर द्या. कोणत्या कलमात, कोणत्या शब्दानंतर, कोणता शब्द घालायचा ते सांगा. समितीतला माणूस दिवसाला शेकडो कागद पाहते. ज्याचा कागद उचलून तसाच्या तसा अहवालात टाकता येईल, त्याचाच कागद टिकते."

मग आम्ही विधेयक वाचायला घेतलं. हिंदी प्रत घेतली, इंग्रजी शेजारी ठेवली. रविवारी दुकान बंद झाल्यावर वाचन चालायचं. वाचताना ध्यानात आलं की परिशिष्टात नाव असणं म्हणजे निम्मी वाटसुद्धा नाही. अपंगत्वाचं प्रमाण चाळीस टक्के किंवा जास्त ठरलं तरच आरक्षणासारखे मोठे लाभ. उच्च शिक्षणातल्या आरक्षणाचं कलम अशा सगळ्यांना लागू होतं, म्हणजे आमच्या मुलांनाही. नोकरीतल्या आरक्षणाच्या कलमात मात्र अपंगत्वाचे गट एकेक करून लिहिले होते: दृष्टी, श्रवण, चलनवलन, स्वमग्नता आणि बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार वगैरे. त्या यादीत रक्ताचे आजार नव्हते. परिशिष्टाच्या दारातून आत घ्यायचं आणि नोकरीच्या खोलीला कुलूप, अशी ही रचना होती. ते पान वाचून झाल्यावर एका मुलाची आई एवढंच म्हणाली, "म्हणजे शिकवा, पण कामाला लावू नका."

समितीने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लेखी सूचना मागवल्या. हा सगळा प्रकार किती लोकांना माहीत आहे, मला शंका आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खात्यांशी जोडलेल्या अशा चोवीस स्थायी समित्या आहेत. ही पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. एका समितीत एकतीस सदस्य असतात, लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा, सगळ्या पक्षांचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे पक्षादेश चालत नाही. सभागृहात खासदाराचा हात पक्षाने बांधलेला असतो. १९८५ मध्ये राज्यघटनेत पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आल्यापासून व्हिपच्या विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे "आमच्या खासदाराने विरोधात मतदान करावं" ही मतदारांची अपेक्षा बहुतेक वेळा हवेतच राहते. समितीत मात्र तोच खासदार सत्ताधारी असूनही सरकारच्या मसुद्यावर बोट ठेवू शकतो, आणि ठेवतोही. नागरिकाचं म्हणणं कायद्याच्या शब्दांपर्यंत पोचण्याची संसदेतली सगळ्यात रुंद वाट हीच आहे, असं माझं ठाम मत झालंय.

सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवायच्या, दोन प्रतींत, दिलेल्या मुदतीत, समितीच्या सचिवालयाच्या पत्त्यावर. ज्यांना प्रत्यक्ष बोलायचं असेल त्यांनी तसं पत्रात लिहायचं. बोलवायचं की नाही हे समिती ठरवते. आणि एक अट फार कमी लोक वाचतात. पाठवलेला कागद समितीच्या दप्तराचा भाग होतो आणि गोपनीय मानला जातो. तो गावभर वाटणं म्हणजे समितीच्या विशेषाधिकाराचा भंग. आमच्या एका तरुण पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्यासाठी फोटो काढलाच होता, वकिलांनी तिथल्या तिथे थांबवला.

आमचा कागद तीन रकान्यांचा होता. पहिल्यात विधेयकातलं मूळ वाक्य, दुसऱ्यात आम्हाला हवं असलेलं वाक्य, तिसऱ्यात कारण. पहिले दोन रकाने वकिलांनी आणि मुख्याध्यापकांनी मिळून लिहिले. नोकरीच्या कलमातल्या गटांत "हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल" हा गट जोडावा, एवढीच मुख्य दुरुस्ती. दुसरी अशी की या आजारांत अपंगत्व मोजताना तपासणीच्या दिवशी माणूस कसा दिसतो ते न पाहता वर्षभरात किती वेळा दवाखान्यात राहावं लागलं, किती वेळा रक्त चढवावं लागलं, ते पाहावं.

तिसरा रकाना सगळ्यांत अवघड गेला आणि सगळ्यांत उपयोगी पडला. पालक भावनेने बोलायचे, डोळे भरून यायचे, आणि ते साहजिक होतं. पण समितीला पुरावा लागतो. मग एका ताईंनी घरून पिशवीच आणली. मुलाच्या जन्मापासूनची डिस्चार्ज कार्डं, रक्तपेढीच्या पावत्या, शाळेचं हजेरीपत्रक. त्यांनी एकेक कार्ड तारखेप्रमाणे काउंटरवर मांडलं. शेजारी हजेरीपत्रक ठेवलं. ज्या महिन्यात कार्ड, त्या महिन्यात हजेरीचे रकाने कोरे. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात सलाइनची पावती. कोणी काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हेच लिहायचं. एक शब्द जास्तीचा नाही." सगळ्या पालकांकडून अशी कागदं मागवली, नावं झाकली, आणि तक्ता करून जोडला. आमच्या कागदात विशेषणं जवळजवळ नव्हतीच. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगतो की ज्याच्याकडे तारखा आहेत त्याने विशेषणं वापरू नयेत.

हिंदी भाषांतर एका हिंदीच्या प्राध्यापिकेने करून दिलं. कायद्याची हिंदी आणि बोलण्याची हिंदी यांत मोठं अंतर आहे, त्यामुळे मूळ विधेयकात जो शब्द आहे तोच वापरायचा हा नियम पाळला.

कागद पाठवून स्वस्थ बसायचं नसतं. समितीच्या एकतीस सदस्यांची यादी लोकसभेच्या संकेतस्थळावर असते. प्रत्येकाला एक पानाचं वेगळं पत्र लिहिलं. ज्यांच्या मतदारसंघात सिकलसेल आहे, म्हणजे मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात, महाराष्ट्रातले, त्यांच्या पत्रात त्यांच्या भागाचा उल्लेख केला. समितीचे अध्यक्ष रमेश बैस होते, रायपूरचे खासदार. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपालही झाले. छत्तीसगडला सिकलसेल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, याचा आम्हाला धीर वाटत होता.

आमच्यातले तिघं दिल्लीला गेलो. तोंडी साक्षीला आम्हाला बोलावणं आलं नव्हतं, पण सदस्यांना घरी भेटायला कोणाची मनाई नसते. नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूच्या फ्लॅट्समध्ये सकाळी आठला जावं, त्या वेळी खासदार भेटतात. अधिवेशन सुरू असेल तर दहानंतर सापडणं कठीण. एका सदस्याने आमचा तक्ता दोन मिनिटं नीट वाचला आणि पहिलाच प्रश्न केला: "सरकार म्हणेल, आरक्षणाचा टक्का तोच राहून वाटेकरी वाढले तर अंध-बहिऱ्यांच्या वाट्याचं काय? याचं उत्तर आहे का तुमच्याकडे?" हा प्रश्न आम्हाला कुणीही विचारला नव्हता. उत्तर आमच्याकडे होतं: विधेयकात पाच टक्के होते, प्रत्येक गटाला एक टक्का. वेगळा गट करून टक्का वाढवावा, कुणाच्या ताटातलं घेऊ नये. पण त्या प्रश्नाने मला एक शहाणपण दिलं. दुसऱ्या अपंगांच्या संघटनांना विश्वासात घेतल्याशिवाय एकट्याने मागितलेली दुरुस्ती टिकत नाही. परत आल्यावर आम्ही अंध आणि कर्णबधिर संघटनांच्या लोकांना भेटलो, त्यांची भीती ऐकली, तीही खरी होती.

७ मे २०१५ ला समितीचा अहवाल संसदेत आला. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, तरी त्या छापील कागदावर येतात आणि मंत्रालयाला त्यांच्याकडे पाठ फिरवणं जड जातं. त्यानंतर मात्र दीड वर्षं शांतता. या काळात आम्ही आमच्या भागातल्या खासदारांकडून प्रश्न टाकून घेतले: विधेयकाची सद्यःस्थिती काय, सरकारी दुरुस्त्या कधी येणार. सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या तारांकित प्रश्नाचा लोकसभेत दिवसाला वीसचाच कोटा, त्यामुळे बहुतेक वेळा लेखी उत्तरच मिळतं. पण लेखी उत्तर तयार करण्यासाठी खात्यातल्या कुणाला तरी ती फाइल उघडावी लागते. त्यासाठीच प्रश्न हवा असतो.

याच सुमारास डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनालाही आम्ही जायचो. विदर्भातल्या माणसाला ते सोपं पडतं. बहुतेक मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात, तिथून शिष्टमंडळ आत जातं. आम्ही मोर्चा काढला नाही, आमची मुलं थंडीत रस्त्यावर बसू शकत नाहीत. गारठ्याने वेदना उसळतात. आम्ही आमदार निवासात सकाळी जाऊन बसायचो. राज्याच्या सभागृहात प्रश्नाची ठरलेली घडण असते: अमुक जिल्ह्यात अमुक औषध उपलब्ध नाही हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. ती घडण मी शिकून घेतली आणि प्रश्न त्याच साच्यात लिहून न्यायला लागलो. उत्तरात "अंशतः खरे आहे" असं आलं की आम्हाला आनंद व्हायचा, कारण आता ती गोष्ट सरकारने लेखी मान्य केलेली असायची, आणि पुढच्या पत्राला तेच जोडता यायचं.

२०१६ चं हिवाळी अधिवेशन नोटबंदीत वाहून गेलं. १६ नोव्हेंबरला सुरू झालं आणि रोज गोंधळ, रोज तहकुबी. आम्ही आशा सोडलेली होती. १४ डिसेंबरला राज्यसभेत मात्र सगळ्या पक्षांनी ठरवलं की हे एक विधेयक तरी मंजूर करू. मी दुकानात राज्यसभा टीव्ही लावून बसलो होतो. गिऱ्हाइकं सुट्ट्या पैशांसाठी वाद घालत होती आणि मागे पडद्यावर तेव्हाचे सामाजिक न्याय मंत्री थावरचंद गेहलोत सरकारी दुरुस्त्या मांडत होते. दुरुस्त्या शंभराहून जास्त होत्या, एकेक पुकारली जायची आणि मंजूर व्हायची. १६ डिसेंबरला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, लोकसभेनेही मंजुरी दिली. २७ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली.

अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. २०१४ च्या विधेयकात नसलेले अ‍ॅसिड हल्ल्याचे बळी, पार्किन्सन्स, बुटकेपणा हे प्रकार नंतर आत आले. त्यातल्या अ‍ॅसिड हल्ल्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१५ मध्ये राज्यांना त्यांचा अपंगांच्या यादीत समावेश करण्याचा विचार करा असं सांगितलं होतं. म्हणजे बाहेरचा रेटा आणि कोर्टाचा शब्द जुळला की विधेयक प्रवासातही बदलतं. आमचा रक्ताच्या आजारांचा गट परिशिष्टाच्या चौथ्या भागात कायम राहिला. उच्च शिक्षणात पाच टक्के, कलम ३२, आमच्या मुलांना मिळालं.

आणि कलम ३४. नोकरीतलं आरक्षण पाच टक्क्यांचं चार टक्के झालं आणि गटांच्या यादीत रक्ताचे आजार आले नाहीत. आमचा दुसऱ्या रकान्यातला शब्द तिथे नव्हता. त्या रात्री मी सरकारी दुरुस्त्यांची यादी पुन्हापुन्हा चाळली. वाईट वाटलं, खूप वाटलं. ज्या मुलांची डिस्चार्ज कार्डं आम्ही तारखेप्रमाणे लावली होती, ती मुलं पुढच्या सात-आठ वर्षांत नोकरीच्या वयाची होणार होती.

तरीही या सगळ्यात एका गोष्टीने मला पुढचा धडा दिला. कायद्याच्या कलम ३(३) मध्ये असं आहे की अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही, पण एखादं न्याय्य उद्दिष्ट गाठण्याचा तो प्रमाणशीर मार्ग आहे असं दाखवता आलं तर चालेल. या पळवाटेवर चळवळीतल्या लोकांनी आणि सभागृहातही टीका झाली. कलम बदललं नाही. पण मार्च २०१७ मध्ये नियमांचा मसुदा लोकांसमोर आला, सूचना गेल्या, आणि १५ जून २०१७ च्या नियमांत तिसराच नियम असा आला की आस्थापनेच्या प्रमुखाने या पोटकलमाचा गैरवापर करून कुणाचा हक्क हिरावला जाणार नाही हे पाहावं. जे विधेयकात मिळालं नाही, त्याची थोडी भरपाई नियमात झाली. संसदेचं काम संपलं म्हणजे कायदा लिहून संपला असं नसतं. नियम, मग मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वं, मग राज्याचे नियम, प्रत्येक पायरीवर मसुदा निघतो आणि प्रत्येक मसुद्यावर बोलता येतं. राजपत्र आणि खात्याचं संकेतस्थळ पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते. आमच्यात हे काम एका बारावीतल्या मुलाकडे दिलंय. त्याला स्वतःला थॅलेसेमिया आहे आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

या सवयीचं मोल २०२० मध्ये कळलं. टाळेबंदी होती. १ जुलैला केंद्राच्या खात्याने कायद्यात दुरुस्ती सुचवणारं पत्र काढलं. कलम ८९, ९२ (क) आणि ९३ खालचे गुन्हे अपंगांसाठीच्या आयुक्तांपुढे तडजोड करून मिटवता येतील, असा प्रस्ताव. उद्योग-व्यवसायांवरचा गुन्ह्यांचा बोजा कमी करायचा म्हणून. कलम ९२ (क) म्हणजे अपंग व्यक्तीचा लोकांसमोर जाणूनबुजून अपमान करणं किंवा तिला धमकावणं. त्याला किमान सहा महिने कैद आहे. कायदा अमलात येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, गुन्हे दाखल होणं आत्ता कुठे सुरू झालेलं, आणि दात काढून घ्यायचे. सूचनांची मुदत १० जुलै. सरकारच्याच २०१४ च्या धोरणानुसार मसुदा निदान तीस दिवस लोकांसमोर ठेवायला हवा. ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे ते मोडलं तर कोर्टात सहसा काही हाती लागत नाही.

पण या वेळी देशभरातले अपंगांचे गट तयार होते. कायदा घडताना ज्यांनी कलमं वाचली होती त्यांना प्रस्ताव समजायला एक संध्याकाळ पुरली. आमच्या गटानेही तीन रकान्यांचा कागद त्याच रात्री केला. अंध, कर्णबधिर, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचे पालक, मानसिक आजार असलेले, रक्ताच्या आजारांचे, सगळ्यांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं. खात्याने त्याच महिन्यात प्रस्ताव मागे घेतला. २०१४ मध्ये दोन तटांत उभे असलेले लोक या वेळी एका सुरात बोलले, याचा मला फार आनंद झाला.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून काळजी वाटते. आमचं विधेयक स्थायी समितीकडे गेलं म्हणून माझ्यासारख्या दुकानदाराला तीन रकाने लिहून पाठवता आले. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत ती १६ टक्क्यांवर आली. विधेयक सकाळी मांडलं आणि दोन दिवसांत मंजूर झालं, तर डिस्चार्ज कार्डांची पिशवी घेऊन माणसाने जायचं कुठे? खासदाराला भेटलो की मी आता आमच्या आजाराआधी हेच बोलतो: कुठल्याही पक्षाचं सरकार असो, विधेयक समितीकडे पाठवा असा आग्रह धरा. कुणी म्हणतं, खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, आणू या. आणावं, चर्चा होते, नोंद राहते. पण संसदेने शेवटचं खासगी विधेयक कायदा म्हणून मंजूर केलं ते १९७० मध्ये. त्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

कलम ३४ वरचं आमचं काम चालूच आहे. सध्या आम्ही राज्यसभेच्या याचिका समितीचा मार्ग धरलाय. त्या समितीकडे जाणारी याचिका सभागृहात मांडायला एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. ती आमच्या हाती आहे. मराठीतला मूळ मजकूर आणि हिंदी भाषांतर दोन्ही तयार आहेत. कोणाच्या वाट्याला हात न लावता वेगळा गट आणि वाढीव टक्का, ही मागणी तीच आहे, पण या वेळी अंध आणि कर्णबधिर संघटनांच्या पदाधिकाऱ्यांच्याही सह्या आहेत. तक्ताही नवा केलाय. त्यात आता शाळेच्या हजेरीऐवजी पदवी, मुलाखतीपर्यंत पोचल्याच्या तारखा आणि कोणत्या जाहिरातीत "पात्र नाही" असं उत्तर आलं ते लिहिलंय. पहिल्या तक्त्यातली मुलंच आता स्वतःचे रकाने भरतात. माझ्या मुलीने तिसऱ्या रकान्यातली माझी दोन वाक्यं खोडली, तिच्या मते ती लांबली होती. तिचं बरोबर आहे.